सत्यवतीला काय आवडतं

डॉक्टरीणबाईंनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. गोकुळदास कांबळीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"तुमच्या मिसेसना खायला काय आवडतं?"

गुरुवारची सकाळ होती. समोरच्या चाकाच्या खुर्चीत सत्यवती बसली होती. साडी शेजारणीनं नेसवलेली, केसांचा अंबाडाही शेजारणीनंच घातलेला. वजनकाट्यानं नुकतेच छत्तीस किलो दाखवले होते. दोन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हॉस्पिटलात असताना नाकातून नळी घालून तिला पातळ अन्न देत. ती नळी ती उपसून काढायची, म्हणून तिचा धड राहिलेला उजवा हात पांढऱ्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधून ठेवला होता. हात बांधायला हरकत नाही, अशी सही गोकुळदासनंच केली होती. पुढे तिला गिळता यायला लागलं, नळी निघाली, ती घरी आली. त्याला आता बारा दिवस झाले होते आणि या बारा दिवसांत चहा, पाणी आणि दोन-चार चमचे पेज यापलीकडे तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. चमचा ओठांना लागला की ओठ मिटायचे.

"घशाला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गिळता येतंय. त्या खात नाहीत, एवढंच. आवडीचं काहीतरी द्या. सोमवारी सकाळी परत घेऊन या. तोवर जेवायला लागल्या नसतील तर नळी घालावी लागेल, आणि हात बांधावा लागेल. ते तुम्हाला माहीत आहेच."

"हात बांधू नका," गोकुळदास म्हणाला.

"मग जेवायला घाला ना त्यांना. काय आवडतं?"

"सगळं," तो शेवटी म्हणाला. बाईंनी ते कागदावर लिहिलंसुद्धा नाही.

आता खाण्याच्या बाबतीत गोकुळदासला कुणी काही विचारावं आणि त्याला सांगता येऊ नये, ही गोष्ट पेडण्यापासून साखळीपर्यंत कुणाला खरी वाटली नसती. बत्तीस वर्षं त्यानं त्या रस्त्यावर बस चालवली. अस्नोड्याला पातळ भाजी कुणाची, साखळीला मिरची भजी कुणाची, सोमवारचं शिवराक, बिनमाशांचं जेवण कुणाकडे बरं आणि बांगड्याच्या आमटीत, म्हणजे हुमणात, तिरफळं घालताना कुणाचा हात आखडता, हे सगळं त्याला तोंडपाठ. बस पाच मिनिटं उशिरा सुटली की प्रवासी समजायचे, गोकुळदासच्या बशीत अजून काहीतरी शिल्लक आहे. शांताराम हा त्याचा कंडक्टर आणि जन्माचा दोस्त. शांतारामला सुंगटं-कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात, हेही गोकुळदासला ठाऊक होतं आणि हॉटेलात शिरताच तो आधी ते आचाऱ्याला सांगायचा. दर रविवारी सात-आठ जणांचं टोळकं जेवायला बाहेर पडायचं, आणि कुठे जायचं हे ठरवण्याचा मान त्याचा. मान म्हणजे काय, दुसऱ्या कुणी नाव काढलं तर हा रुसायचा.

घरच्या जेवणाची मात्र तो बढाई मारायचा. पेडण्याला दुपारी बस थांबायची तेव्हा तो कोरगावला घरी जाऊन पंधरा मिनिटांत जेवायचा, मागीलदारी हात धुवायचा आणि तस्साच निघायचा. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ताटाशेजारी पालथ्या वाटीखाली इसवणाची तळलेली कापी, सुरमईचा एक तुकडा, ठरलेली. "हॉटेलात काय मेळतला माका? माझ्या घराकडे रातीकसुद्धा कापी आसता," तो सगळ्यांना ऐकवायचा. ती कुठून येते, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. सत्यवती म्हणायची, "उरली म्हणून ठेवली." उरली असेल, असं त्याला वाटायचं.

तिला एकदाच त्यानं हॉटेलात नेलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, डिचोलीला कुणाच्या तरी साखरपुड्याहून परतताना मित्रमंडळी बरोबर होती. सगळ्यांची ताटं आली. सगळे जेवले. सत्यवती आपल्या ताटासमोर मान खाली घालून बसून राहिली, विचारलं की "मागीर", नंतर, एवढंच म्हणायची. पुरुषांचं आटोपलं, वेटरनं ताटं उचलली. तेव्हा ती हळूच काहीतरी म्हणाली, पण ते कुणी ऐकलं नाही. "वहिनीक हॉटेलचा चलना नाय!" म्हणून सगळे हसले आणि गोकुळदासही हसला. तिचं ताट पानात बांधून घरी आणलं. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यानं तिला पुन्हा विचारलं नाही. तिला आवड नाही म्हटल्यावर विषयच संपला.

गुरुवारी संध्याकाळी तो वाड्यावर घरोघर फिरला. सत्यवतीला काय आवडायचं, असं विचारत. एकीनं सांगितलं, शिरवाळ्यो. त्या तिच्यासारख्या कुणी करत नसे. दुसरी म्हणाली, शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं सुकं. गणेशचवथीला ती सगळ्या वाड्याला नेवऱ्या पुरवायची, असं तिसरीनं सांगितलं. सगळ्यांनी ती काय करायची ते सांगितलं. ती काय खायची, हे एकीलाही सांगता येईना. घरी येऊन त्यानं मुलाला विचारलं. गौरेश मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता, लग्न व्हायचं होतं, म्हणजे घरात सत्यवती सोडून बाईमाणूस नाही. तिचं जेवण शेजारणी आणून भरवत आणि बापलेक त्यांच्याकडेच जेवून येत.

"आयेक काय आवडता रे?"

गौरेशनं बराच विचार केला. "चाय," तो म्हणाला.

"चाय काय खाण्यात येता?"

"मग तू सांग, बाबा."

बाबांना सांगता येईना.  आणि मग गोकुळदासच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. शेजारणींनी केलेलं ती खात नाही, ठीक आहे. पण पेडणे-डिचोलीतली चांगली चांगली हॉटेलं तर त्याच्या मुठीत होती. एक ना एक चव तिच्या जिभेला लागेलच. न लागायला काय झालं? आपण आजवर नेलं नाही, ही आपली चूक. आता नेऊ. त्याला एकदम हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी शांतारामची व्हॅन आली, दोघांनी दोन बाजूंनी धरून सत्यवतीला तिच्यात बसवलं, आणि गौरेशही रजा टाकून निघाला.

शुक्रवारी दुपारी ते डिचोलीच्या बसस्टँडमागच्या खाणावळीत गेले. तिथे केरबा वेटर होता. चंदगडकडचा माणूस, कारखान्यात कामाला म्हणून आला, कारखाना बंद पडला आणि तो इथे चिकटला, त्यालाही वीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाचा शेवटचा घास तोंडात असतानाच ताट उचलायचं, ही त्याची ख्याती. केरबाचं टेबल कधी घाण दिसायचं नाही.

चार थाळ्या आल्या. भात, हुमण, तिसऱ्या, सुक्या सुंगटांची किसमूर, तळलेली कापी, सोलकढी. शांतारामच्या थाळीतून किसमूर तेवढी वगळलेली. गोकुळदासनं सत्यवतीच्या भातावर स्वतःच्या हातानं हुमण घातलं, कापीतला काटा काढला.

"जेव गो. बघ तरी, वास कसो येता."

सत्यवतीनं ताटाकडे पाहिलं. मग उजव्या हातानं ते ताट थोडंसं त्याच्याकडे सरकवलं.

"माझा आसा माका. ह्या तुझा." त्यानं ते परत तिच्यापुढे केलं.

तिनं हात मांडीवर ठेवला. तीन पुरुष तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, घास कधी जातो म्हणून. "आपण बघूक नाको," शांताराम म्हणाला, "आपण जेवया, मग ती आपसूक जेवतली." ते त्यांना पटलं. तिघं जेवायला लागले. गोकुळदासला भूक होती आणि हुमण फक्कड जमलं होतं. ड्रायव्हरच्या सवयीनं त्यानं पाच-सात मिनिटांत ताट साफ केलं. केरबा मागे उभाच होता. त्यानं झटकन हात घालून ताट उचललं.

आणि सत्यवतीचा उजवा हात सुटला. तिनं त्या उष्ट्या ताटाची कड गच्च धरली. सोलकढीचा पेला कलंडला, तिच्या मांडीवर सांडला, ताटातली वाटी घरंगळत खाली गेली. तिच्या घशातून कसलासा आवाज येत होता. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"आवो मावशी, सोडा की! खरकटं हाय त्ये!" केरबा गडबडला.

"सोड गो, सोड," गोकुळदास तिची बोटं एकेक करून सोडवत होता. चार किलो तांदूळ उचलायचं बळ नसलेल्या बाईच्या बोटांत एवढा जोर कुठून आला, कळेना. शेवटी ताट सुटलं. केरबा ते घेऊन आत गेला आणि सत्यवती दाराच्या पडद्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिच्यापुढे काय काय धरलं, तिनं ओठ उघडले नाहीत.

व्हॅन कोरगावकडे निघाली. गोकुळदासला लाज वाटली होती, आणि लाज वाटली याचीही त्याला लाज वाटत होती. तिचं डोकं गेलं, आता उरलं काही नाही, असं त्याला वाटलं. गावात शिरताना त्यानं व्हॅन देवळाशी थांबवली. आत जाऊन हात जोडले आणि आंगवण केली: ही पोटाला लागेल असं चार घास जेवेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. चहा तेवढा घेईन. चहाची सवलत त्यानं स्वतःच मागून घेतली, आणि देव काही बोलला नाही म्हणजे मिळाली, असं धरलं. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या सत्तरीच्या माणसानं असलं काही बोलू नये, हे त्याला कळत होतं. पण खाण्याशिवाय देवाला देण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

शनिवारी सकाळी साखळीला गेले. गरम भाजी, ताजे उंडे पाव. गोकुळदासनं उंड्याचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तिच्या ओठांशी नेला. भाजीचा ओघळ हनुवटीवरून खाली आला. त्यानं तो पुसला आणि दुसरा तुकडा नेला. त्याच्या स्वतःपुढे नुसता चहाचा कप. सत्यवती सारखी त्या कपाकडे बघत होती, मग त्याच्या तोंडाकडे, मग परत कपाकडे. "चाय होई तिका," असा त्यानं अर्थ लावला आणि तिच्यासाठी चहा मागवला. दोन घोट प्यायली. पुन्हा त्याच्या पुढ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसली.

दुपारी मये. तळ्याकाठच्या रेस्टॉरंटात न्यायची कल्पना गौरेशची. पर्यटकांची गर्दी, गाणी चालू, पोरंटोरं फोटो काढताहेत. गौरेशनं मेन्यूकार्डावर बोट फिरवत बिर्याणी सांगितली, नूडल्स सांगितल्या, आईस्क्रीम सांगितलं, टेबलावर जागा उरली नाही. चमचा घेऊन तो आईच्या शेजारी गुडघ्यावर बसला. एकेक पदार्थ तिच्या ओठांना लावत गेला. ओठ मिटलेले, आणि नजर त्याच्यावरून पलीकडे, बापावर.

"आई, खा ना!" गौरेश एकदम ओरडला. "परवा तुझो हात बांधतले गो! कळता काय तुका?"

गाणं चालूच होतं. तेहेतीस वर्षांचा बाप्या मुलगा टेबलाच्या कडेला कपाळ टेकून रडायला लागला. सत्यवतीनं उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. म्हणजे तिला कळत होतं. तिला सगळं कळतंय आणि तरी ती खात नाही, हे गोकुळदासला जास्तच असह्य झालं. आपल्यावर राग असेल तिचा. सही केली म्हणून. नाहीतर चाळीस वर्षांचा कुठला तरी, त्याला ठाऊक नसलेला. आईस्क्रीमचं पाणी होईपर्यंत ते बसून राहिले.

रविवारी गौरेशची पाळी होती, रजा मिळाली नाही. दुपारी शांताराम व्हॅन घेऊन आला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज खंय?" गोकुळदासला नाव सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा. "खंयय चल," तो म्हणाला. शांतारामनं सवयीनं डिचोलीचा रस्ता धरला.

खाणावळीत रविवारची झुंबड. केरबा एकटा सगळ्या टेबलांवर धावत होता. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सत्यवतीला बसवून गोकुळदास सरळ व्हायला गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काळोखी आली. टेबलाची कड धरून तो कसाबसा खाली बसला. मानेवर घाम.

शांतारामनं केरबाला हाक मारून फक्त दोन थाळ्या सांगितल्या. एक स्वतःला, एक गोकुळदासला.

"माका नाको. माझी आंगवण आसा."

"खड्ड्यात गेली तुझी आंगवण," शांताराम म्हणाला. एवढ्या वर्षांत तो गोकुळदासवर कधी खेकसला नव्हता. "उद्या सकाळी तिका हॉस्पिटलात व्हरूची आसा. तू आडवो पडलंस तर मी कोणाक सांभाळू? तुका की तिका? जेव मुकाट्यान!"

"आणि तिका?"

"तिका मागीर बघूया. आधी तू."

थाळी आली. गोकुळदासनं हात मागे घेतला, मग पुढे केला. पहिला घास घशाखाली गेला आणि मग त्याला थांबता येईना. दोन दिवसांची भूक होती, तिनं देवाची भीड ठेवली नाही, बायकोची ठेवली नाही. भात कालवून तो बकाबका गिळत होता. कापी हाडापर्यंत कुरतडली, वाट्या पालथ्या केल्या. समोर सत्यवती उपाशी बसलेली आणि आपण जेवतोय, याची त्याला स्वतःची किळस आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबला नाही. मान वर करून तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. संपलं तसा तो उठला आणि तोंड लपवायला हात धुवायच्या बेसिनकडे गेला. केरबा पलीकडच्या टेबलावर अडकला होता. ताट तसंच राहिलं.

बेसिनवर आरसा होता, कडेनं पारा गेलेला. गोकुळदासनं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि डोळे उघडले. आरशात त्याला आपलं टेबल दिसलं.

सत्यवतीनं मान वळवून बघितलं, तो बेसिनशी पोचला की नाही ते. मग उजवा हात लांबवून त्याचं उष्टं ताट आपल्यापुढे ओढलं. पदर सारखा केला. कडेला राहिलेला भात बोटांनी गोळा केला आणि तोंडात घातला.

ती जेवत होती.

 मागे वळावं असं गोकुळदासला वाटलं आणि वळायची छाती झाली नाही. वळलो आणि तिनं हात काढून घेतला तर? तो तसाच पाण्याखाली हात धरून आरशात बघत राहिला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला रांधताना पाहिलं होतं, वाढताना पाहिलं होतं, भांडी घासताना पाहिलं होतं. जेवताना ती आज पहिल्यांदा दिसत होती. दुपारी तो जेवून हात धुवायला मागीलदारी जायचा आणि तिथूनच निघून जायचा; बस चालवणं संपल्यावरही ही सवय सुटली नव्हती. त्याच्यामागे स्वयंपाकघरात रोज हे असं घडत होतं. तिच्या आईनं तिला घालून दिलेली रीत ती पाळत होती: नवऱ्याचं झालं की त्याच्या ताटात जेवायचं. चाळीस वर्षांपूर्वी याच गावात वेटरनं ते ताट नेलं, तेव्हा ती काय म्हणाली असेल ते आता त्याला कळलं. परवा केरबानं नेलं, तेव्हाही कळायला हवं होतं. आणि नंतर तर आपण देवाला शब्द देऊन ताटच मांडायचं बंद केलं. ती वाट बघत होती आणि आपण चहा पीत होतो.

पण ताटात काही नव्हतं. त्यानं ठेवलंच नव्हतं. ती कापीचं हाड चोखत होती. हुमणातल्या बांगड्याचं डोकं फोडून आतलं काढत होती. वाटीच्या तळाला बोट फिरवून ते चाटत होती. तेवढ्यात केरबा सवयीनं धावत आला आणि ताटाकडे हात नेला.  पण शांतारामनं पाहिलं होतं. त्यानं केरबाचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

ताट चाटून पुसून झाल्यावर सत्यवतीनं ते परत त्याच्या जागेवर सरकवलं, आणि जणू काही झालंच नाही अशी हात मांडीवर ठेवून बसली. गोकुळदास टेबलाशी आला.

"केरबा, आणखी एक थाळी."

"पोट भरलं न्हाई व्हय?" केरबा म्हणाला आणि त्याच्या तोंडाकडे बघून आत वळला. थाळी आली. "मी उचलत न्हाई," तो हळूच म्हणाला, "तुमी सांगाल तवा."

गोकुळदासचं पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. तरी तो जेवायला बसला, ती बघत होती म्हणून. आता मात्र प्रत्येक घासाला त्याला विचार करावा लागत होता. काय खायचं आणि काय ठेवायचं? ताटात ठेवायची त्याला सवयच नव्हती. भाताचा एक कोपरा तेवढा त्यानं खाल्ला, थोडं हुमण घेतलं, किसमुरीची वाटी रिकामी केली. कापीला हात लावला नाही. इसवणाची चांगली मधली कापी, काटा एकच, दोन्ही बाजूंनी खरपूस. ती तिच्यासाठी. मग तो उठला आणि बेसिनकडे गेला, नळ सोडला, आरशात बघितलं.

ती थांबली, तो पोचेपर्यंत. ताट ओढलं. सगळ्यात आधी तिनं कापीच उचलली. खा, गोकुळदास मनात म्हणाला, खा गो, ती तुझी आहे. तिनं कापी निरखून पाहिली, किसमुरीच्या रिकाम्या वाटीत ठेवली, आधीच्या ताटातली वाटी तिच्यावर पालथी घातली आणि दोन्ही मिळून टेबलावर त्याच्या बाजूला सरकवून ठेवली. मग हुमणातली बांगड्याची शेपटी भातावर घेऊन जेवायला लागली. शांतपणे, एकेक काटा बाजूला काढत, पोटभर जेवणाऱ्या माणसासारखी.

गोकुळदास त्या पालथ्या वाटीकडे बघत राहिला. संध्याकाळची कापी कुठून यायची ते त्याला समजलं. उद्या नळी घालावी लागणार नाही, हात बांधावा लागणार नाही, हेही समजलं. पण डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं तर सत्यवतीला काय आवडतं ते त्याला अजूनही सांगता येणार नव्हतं. बहुतेक तिलाही सांगता आलं नसतं. तोंडावर पाणी मारलं तरी डोळ्यांतलं वाहतच होतं.

त्याच्यामागे हात धुवायला दोघे उष्ट्या हातांनी ताटकळत उभे होते.

"काका, झाला मरे?" त्यातला एक म्हणाला.

"जरा रावा," गोकुळदास आरशातून नजर न काढता म्हणाला. "ती जेवता."